सहा माणसे, चारशे आठ किलो

सरासरी म्हणजे काय हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. त्यापायी आमच्या इमारतीची लिफ्ट तीन दिवस बंद राहिली, आणि ज्या कंपनीत मी पंचवीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करतो आहे तिने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. हेच ज्ञान शाळेत सातवी-आठवीत मिळत होतं. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

झालं असं, की माझी बायको गेल्यावर दोन महिन्यांनी तिला एक पत्र आलं. संध्याकाळच्या प्रौढ वर्गाकडून. 'आपली उपस्थिती समाधानकारक नाही' असं त्यात लिहिलं होतं. तिची उपस्थिती मलाही समाधानकारक वाटत नव्हती, पण मी त्याबद्दल पत्र कुणाला लिहिणार?

ती वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असायची. आकड्यांची तिला हौस. कुठलं पुस्तक किती जणांनी नेलं आणि किती जणांनी न वाचता परत आणलं, हे ती जेवताना सांगायची. म्हणून तिने या गणिताच्या वर्गात नाव घातलं होतं. ते काढून टाकावं म्हणून मी तिथल्या कार्यालयात गेलो.

कारकुनाने पत्र उलटसुलट पाहिलं. "नाव कमी करायला विद्यार्थ्याच्या सहीचा अर्ज लागतो."

"विद्यार्थिनी वारली."

"अरेरे," तो म्हणाला आणि त्याने खरोखर पेन खाली ठेवलं. दोन सेकंदांनी उचललं. "मग सही कोण करणार?"

"तेच विचारायला आलोय."

"अवघड आहे हो. सहीशिवाय नाव निघत नाही. नाव राहिलं की चाचणीला गैरहजर. गैरहजर म्हणजे शून्य. शून्य म्हणजे अनुत्तीर्ण. आणि यादी बाहेर फलकावर लागते, नावानिशी."

"मेलेल्या माणसाला तुम्ही नापास करणार?"

"मी नाही करत, काका. नियम करतो."

बायको आयुष्यात कशातच नापास झाली नव्हती. तिच्या आईच्या मते ती एकदाच चुकली, आणि तो पेपर मी होतो. तिचं नाव त्या फलकावर 'अनुत्तीर्ण' म्हणून महिनाभर टांगलेलं राहणार, आणि तिच्या वाचनालयातले लोक येता-जाता ते वाचणार, हे माझ्याच्याने सहन होईना. मी तिथून हललो नाही. मी हलत नाही म्हटल्यावर कारकुनाने नियमांची वही काढली. तिच्यात एक कलम निघालं. घरातलं कुणीही विद्यार्थ्याच्या जागेवर बसून वर्ग पुरा करू शकतं. क्रमांक तोच, नाव तेच.

"पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहाला चाचणी आहे," तो म्हणाला. "वीसपैकी आठ हवेत. विषय सांख्यिकी आणि संभाव्यता."

त्याने फॉर्म पुढे केला. 'जागा घेण्याचे कारण' या रकान्यात मी 'मृत्यू' लिहिलं. ते वाचून तो म्हणाला, "कुणाचा ते लिहा. नाहीतर वरचे माझं डोकं खातात."

त्याच संध्याकाळी मी वर्गात बसलो. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असाव्यात, म्हणजे मला मुलगी असती तर. हजेरी क्रमांकाने घेतात. "सतरा," त्या म्हणाल्या आणि अडखळल्या. मी म्हणालो, "हजर." आवाज जरा मोठाच निघाला. पुढच्या बाकावरची नर्स वळून माझ्याकडे बघायला लागली.

"त्या पहिल्या बाकावर बसायच्या," बाई म्हणाल्या.

"मी शेवटच्या बाकावरचा आहे," मी म्हणालो आणि तिथेच बसून राहिलो.

घरी येऊन तिची वही उघडली. मध्य, मध्यक आणि बहुलक हे तिचे धडे झाले होते. पुढे कोरं. मध्य म्हणजेच सरासरी: सगळ्यांची बेरीज भागिले सगळे. मध्यक म्हणजे सगळ्यांना उंचीने उभं केल्यावर मधोमध येतो तो. बहुलक म्हणजे ज्याची गर्दी जास्त तो. हे तिने इतक्या सोप्या शब्दांत लिहिलं होतं की मलाही समजलं. आणि समासात पेन्सिलीने एक ओळ होती: 'ह्यांना विचारायचं, लिफ्टमध्ये सहा माणसे चारशे आठ किलो का?'

तिने विचारलं होतं. मी पेपर वाचत म्हणालो होतो, "कंपनीने ठरवलंय." पंचवीस वर्षं ती पाटी मी स्क्रूने लावतो आहे. चारशे आठ भागिले सहा, अडुसष्ट. माणसाची सरासरी. एवढं साधं उत्तर होतं, आणि ते मला पेन्सिलीच्या ओळीवरून समजलं, तेही ऐकणारं कुणी नसताना.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर माझी मेहुणी राहते.

"भावोजी, तुम्ही आणि गणित?" ती दारातच म्हणाली. "लग्नाच्या आमंत्रणांची यादी केली होतीत तुम्ही. आमचा मोठा काका दोनदा आणि आई शून्य वेळा."

"ती सांख्यिकी नव्हती."

"नशीब!"

तळमजल्यावरचा विमा एजंट तर धावतच आला. वजन एकशे बारा किलो, तेव्हा त्याचं धावणं ही बातमीच. "लिफ्टवाले, संभाव्यता म्हणजे माझा धंदा," तो म्हणाला. "मी तुम्हाला अर्ध्या तासात शिकवतो." अर्ध्या तासानंतर मला संभाव्यता आली नव्हती. उलट, मी आजवर जगलो कसा हेच कळेनासं झालं होतं. जाताना तो एक माहितीपत्रक ठेवून गेला.

पुस्तकात लिहिलं होतं की नाणं पन्नास वेळा उडवून नोंद करावी. मी गॅलरीत उडवलं. एकोणिसाव्या वेळी ते कठड्यावरून खाली गेलं आणि खाली झाडांना पाणी घालणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या डोक्यावर पडलं. त्यांनी वर पाहिलं. मी खाली वाकून विचारलं, "छापा की काटा?" नोंद अपुरी राहू नये एवढाच माझा हेतू होता. त्यांनी तो तसा घेतला नाही.

मग बाईंनी घरचा अभ्यास दिला. आसपासच्या कुठल्याही तीस आकड्यांचा मध्य, मध्यक आणि बहुलक काढून आणा. बाकीच्यांनी चपलांचे नंबर घेतले, भावंडं मोजली. मला तीस वजनं हवी होती. ती पेन्सिलीची ओळ डोक्यातून जात नव्हती.

रविवारी सकाळी मी वजनकाटा घेऊन लिफ्टच्या दारापाशी बसलो. पहिल्या तिघांनी वजन केलं. चौथ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं वय विचारून शिवाय ते फळ्यावर लिहिणार होतो. सेक्रेटरी काट्यावर चढले, उतरले, आणि म्हणाले, "कपड्यांचे तीन किलो वजा करा."

"तीन किलोचे कपडे?"

"चष्मा, किल्ल्या धरून."

मेहुणीने सल्ला दिला, "भावोजी, उघड्यावर कोण सांगेल? चिठ्ठ्या मागवा. नाव नको, नुसतं वजन." मी बुटांचं रिकामं खोकं ठेवलं. दुपारपर्यंत तीस चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या एकोणीस चिठ्ठ्यांवर साठ लिहिलं होतं. बहुलक काय असतो हे पुस्तकापेक्षा स्पष्ट समजलं: सगळ्यांनी मिळून मारलेली एकच थाप. विमा एजंटचीही चिठ्ठी साठचीच असणार. त्याचा एक पाय साठचा असेल.

शेवटी काट्यावर पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि आकडा फक्त मी बघणार असं जाहीर केलं. तेव्हा कुठे लोक आले, आणि तेही हे सगळं माझ्या मेलेल्या बायकोसाठी आहे असं मेहुणीने जिन्यात उभं राहून प्रत्येकाला सुनावलं म्हणून. संध्याकाळी बेरीज केली. सरासरी चौऱ्याहत्तर निघाली. मला इतका आनंद झाला की मी समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाला सांगून टाकलं.

तो पहिला माणूस सेक्रेटरी होता.

"म्हणजे सहा जण बसले की चारशे चव्वेचाळीस?" ते म्हणाले.

"हो. पाटीपेक्षा छत्तीस जास्त." अजूनही मी हसत होतो.

"छत्तीस किलो जास्त घेऊन आम्ही रोज चार मजले जातोय?"

मी समजावलं. दोर त्याच्या कित्येक पट वजन पेलतो, ब्रेक वेगळा असतो, पाटीवरचा आकडा जपून लिहिलेला असतो. पंचवीस वर्षांचा अनुभव त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एकच विचारलं, "चौऱ्याहत्तर हा आकडा तुम्हीच काढलात ना?" आणि अर्ध्या तासात लिफ्टच्या दारावर कागद लागला: 'तज्ज्ञांच्या पाहणीनुसार लिफ्ट धोकादायक. जिना वापरावा.' आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी तज्ज्ञ म्हटलं, तेही असं.

सोमवारी चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबून माझं नाव घेतलं. एकूण आठ वळणं. ऑफिसात साहेबांनी बोलावलं. आमच्या इमारतीची लिफ्ट आमचीच कंपनी सांभाळते, हे मी आनंदाच्या भरात विसरलो होतो.

"तक्रार आलीय," साहेब म्हणाले. "आपल्या लिफ्टविरुद्ध. पुरावा आपल्याच माणसाने जमवलाय. सरकारी लिफ्ट निरीक्षकाच्या कार्यालयातही प्रत गेलीय. तुला काय झालंय?"

"गुरुवारी चाचणी आहे, साहेब."

"कसली?"

"सांख्यिकीची. प्रौढ वर्गात."

साहेबांनी तक्रारीचा कागद बाजूला सारला. माझी बायको गेल्याचं त्यांना माहीत होतं. दुःखाने माणसं दारू पितात असं त्यांनी ऐकलं असावं. सांख्यिकी त्यांना नवीन होती. "लेखी खुलासा दे," ते हळू आवाजात म्हणाले.

त्या संध्याकाळी बाईंनी संभाव्यता शिकवली. शून्य म्हणजे अशक्य, एक म्हणजे नक्की, बाकी सगळं मधलं. वर्ग सुटल्यावर मी थांबलो.

"बाई, एक शंका आहे. डॉक्टर म्हणाले होते, या शस्त्रक्रियेत दहातले नऊ बरे होतात."

"हो, काका."

"मग दहावा कोण, ते कसं ठरतं?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "ते हे गणित सांगत नाही."

"मग सांगतं काय?"

"दहावा असतो एवढंच."

बाकी सगळ्यांनी मला 'देवाची इच्छा' पासून 'वेळ आली होती' पर्यंत बरंच काही सांगितलं होतं. खरं बोलणारी ही पहिलीच बाई भेटली. मी मान हलवली आणि घरी आलो. चार मजले, जिन्याने.

मंगळवारी निरीक्षक आले. वाळलेला, शिस्तीचा माणूस. त्यांनी दोर पाहिले, ब्रेक पाहिला, माझी तीस वजनांची वही पाहिली. "लिफ्ट ठणठणीत आहे," ते म्हणाले. मी सेक्रेटरींकडे पाहिलं. "पण तक्रार लेखी आहे, तेव्हा उत्तरही लेखी लागणार. सहा जण एका वेळी लिफ्टमध्ये येण्याची शक्यता किती?"

"शून्य," मी म्हणालो.

"इतकं खात्रीने?"

"साहेब, सेक्रेटरी आणि विमा एजंट गाडी लावण्यावरून तीन वर्षं बोलत नाहीत. मेहुणी सोडली तर तिसरा मजला चौथ्याशी बोलत नाही, कारण वरच्या कपड्यांचं पाणी खाली गळतं. दुसऱ्या मजल्यावर दोन भाऊ आहेत. एक लिफ्टमध्ये शिरला की दुसरा जिन्याकडे वळतो. या इमारतीत सहा माणसं एकत्र फक्त माझ्याविरुद्ध येतात."

"हे मला आकड्यांत द्या," निरीक्षक म्हणाले. "उद्या लिफ्ट चालू ठेवा. सकाळी आठ ते रात्री आठ, प्रत्येक फेरीत किती माणसं, नोंद करा. गुरुवारी पाचला येतो."

बुधवारी मी रजा टाकून लिफ्टसमोर स्टूल घेऊन बसलो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दोनशे चौदा फेऱ्या. एकट्याने गेलेले एकशे एकतीस. दोघे अठ्ठावन्न. तिघे एकोणीस. चौघे पाच वेळा. पाच जण एकदाच, आणि तेही सगळे मी काय लिहितोय ते बघायला आले होते. सहा, एकदाही नाही. बहुलक एक. सरासरी दीड माणूस. मेहुणी दुपारी डबा घेऊन आली, शेजारी उभी राहून रेघा बघू लागली आणि म्हणाली, "भावोजी, तिसऱ्या ओळीत पाचवी रेघ द्यायची राहिलीय." मग तीही बसली. वर-खाली जाणाऱ्या माणसांची नोंद ती ओरडून करायची, "एक! परत एकच! हे दोघे नवरा-बायको, पण रुसलेत, कसे धरायचे?"

"दोन धरा. पुस्तकात रुसव्याला रकाना नाही."

गुरुवारी पाचला निरीक्षक आले. सव्वापाचला त्यांना अहवाल पटला. साडेपाचला सेक्रेटरींनी हरकत घेतली. सहा जण एकत्र येत नाहीत असं सरकारी कागदावर गेलं तर इमारतीची बदनामी होईल, म्हणून 'रहिवाशांत सलोखा आहे' असं एक वाक्य घालावं, असं त्यांचं म्हणणं. विमा एजंट लगेच म्हणाला, "मी सही करणार नाही." ते दोघे तीन वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. ओरडून बोलले, पण बोलले. निरीक्षक घड्याळ बघत होते, मीही. सहाला दहा कमी असताना त्यांनी सही केली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "इतकी नीट नोंद माझ्या खात्यातही कुणी ठेवत नाही."

कौतुक ऐकायलाही वेळ नव्हता. मी धावलो.

वर्गात पोचलो तेव्हा सहा पंचवीस झाले होते. हाताला ग्रीस. पहिला प्रश्न सोडवला आणि उत्तरपत्रिकेवर अंगठा उमटला. वारंवारता सारणी मी अशी काढली की बाईंना त्यात लिफ्ट दिसली असती. मध्यक काढताना आकडे चढत्या क्रमाने लावायचे विसरलो. चार गुण तिथेच गेले. चौथा प्रश्न होता: 'एका पेटीत नऊ पांढरे आणि एक काळा चेंडू आहे. काळा येण्याची संभाव्यता किती?' मी लिहिलं, 'एक दशांश. पण येतो.' मग घंटा झाली. शेवटचे दोन प्रश्न मी वाचलेही नव्हते.

पुढच्या बुधवारी कार्यालयात गेलो. कारकून यादी लिहीत होता. सतरा नंबरच्या पुढे त्याने सात हा आकडा घातला होता, आणि 'अनुत्तीर्ण' मधला 'अ' लिहून झाला होता.

"एकाने गेले हो काका," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "संभाव्यतेत मात्र पूर्ण गुण आहेत तुम्हाला."

आठ दिवस अख्खी इमारत उलटीपालटी केली आणि एका गुणाने तिला नापास करून मोकळा झालो. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर नियमांचा तक्ता होता. मान खाली घालायची नव्हती म्हणून मी तो वाचत राहिलो. सहावा नियम: 'उत्तीर्ण होण्यासाठी त्या क्रमांकाच्या सर्व चाचण्यांतील गुणांची सरासरी किमान आठ असावी.'

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"तेच. प्रत्येक चाचणीत आठ."

"प्रत्येक नाही. सरासरी."

"सरासरी म्हणजे साधारण आठ, काका. आता सात हेही साधारण आठच. पण मी सात घेतले की उद्या सहावाले येतात."

"सरासरी म्हणजे साधारण नव्हे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. "बेरीज करायची आणि भागायचं. याआधी सतरा नंबरच्या किती चाचण्या झाल्या?"

"एक." त्याने पान उलटलं. "वीसपैकी अठरा."

"अठरा आणि सात?"

"पंचवीस."

"भागिले दोन करा."

तो करेना. अकरा वर्षं तो प्रत्येक चाचणीला आठ लावत आला होता. आता भागाकार केला तर अकरा वर्षांच्या याद्या उकरल्या जाणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. त्यांनी तक्ता वाचला, वही पाहिली, आणि म्हणाल्या, "काका बरोबर सांगतायत. नियम असाच आहे."

"पण बाई, उत्तर साडेबारा येतं," कारकून रडवेला झाला. "अर्ध्या गुणाला रकानाच नाही. बारा लिहू?"

"साडेबारा," बाई म्हणाल्या.

त्याने 'अ' खोडला आणि साडेबारा दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर दाटीवाटीने बसवले.

यादी लागली त्या दिवशी मेहुणीला घेऊन गेलो. सतरा नंबर, बायकोचं पूर्ण नाव, साडेबारा, उत्तीर्ण. माझं नाव कुठेच नव्हतं. मेहुणीने दोनदा वाचलं आणि पदराने डोळे टिपले. मग तिला आपण कोण आहोत याची आठवण झाली.

"म्हणजे भावोजी, तुम्ही नापासच. ताईनेच ओढून नेलं तुम्हाला."

"हो."

"आणि तुम्ही तिला अठरावरून साडेबारावर आणलंत."

"हो."

मी पुन्हा फलकाकडे पाहिलं. ती सरासरीच्या साडेपाच वर आणि मी बरोबर साडेपाच खाली. सव्वीस वर्षं आमचा संसार याच हिशेबाने चालला होता. कुणी कधी फलकावर लावला नव्हता, एवढंच.